ढगाला सफेदा नको

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही ढगाला रंग लावला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीचे सगळे लोक सकाळी उठून ढगच रंगवत बसतात. नव्या माणसाची ओळख झाली की दुसऱ्याच वाक्याला ते सांगायचे, "ढग काढायचा नसतो साहेब, सोडायचा असतो. भवताली आभाळ रंगवायचं आन् मधी कोरा कागद ऱ्हाऊ द्यायचा. तोच ढग." नवा माणूस मान डोलवायचा. तो बहुधा विम्याचा एजंट नाहीतर मुलाचा दाखला न्यायला आलेला बाप असायचा, आणि त्याला निघायची घाई असायची.

मी त्या शाळेत भूगोल शिकवायचो. म्हणजे ढग माझ्याही वाट्याला होते. पण माझे ढग आठवीच्या एका धड्यात मुकाट बसून राहायचे, परीक्षेत दोन मार्कांना यायचे आणि जायचे. मास्तरांच्या ढगांना वेळकाळ नव्हता. स्टाफरूममध्ये त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये माझी खुर्ची होती, त्यामुळे मी पेपर तपासत बसलो की मागून आवाज यायचा, "भूगोल, जरा सरका." ते प्रत्येकाला विषयाच्या नावानं हाक मारायचे. हेडमास्तर इंग्रजी शिकवत. त्यांना ते तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे ग्रामर.

अंगानं उंच, हडकुळे, काळी टोपी मागे सरकलेली आणि हनुवटी कायम वर. असा माणूस रस्त्यानं चालतो कसा, हा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा. ते चालत नसत, बाकीचे लोक बाजूला होत. गुलमंडीवरचे सायकलवाले त्यांना ओळखून होते आणि लांबूनच घंटी वाजवायचे. एकदा एका नव्या सायकलवाल्यानं त्यांना धडक दिली, तर खाली पडल्या पडल्या मास्तरांनी त्यालाच झापलं, "अरे, खाली काय बघतू? वर बघ. काय रंग चढला हाय!" तो बिचारा वर बघत निघाला आणि पुढं पेरूच्या गाडीवर आदळला. दोष अर्थातच पेरूवाल्याचा ठरला.

मास्तरांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. पोलीस ॲक्शन झाली, शाळांच्या पाट्या बदलल्या, मास्तर एका उन्हाळ्याच्या सुटीत मराठी झाले. रंग तेवढे उर्दूच राहिले. आसमानी, जामुनी, अंगूरी, कत्थई. निळा म्हटलं की त्यांना राग यायचा. "निळा म्हंजी कोन्ता? निळे पन्नास हायत." त्यांच्या वर्गातून माझ्या तासाला आलेल्या एका मुलानं वाळवंटाच्या वर्णनात 'तेथील वाळू बदामी असते' असं लिहिलं होतं. मी त्याला पूर्ण मार्क दिले, कारण वाळवंट त्यानंही पाहिलं नव्हतं आणि मीही.

वर्गात त्यांचा हातखंडा प्रयोग म्हणजे निसर्गचित्राचा तास. निसर्गचित्र म्हटलं की मुलं काय काढतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन डोंगर, मधून सूर्य, त्याच्याखालून नदी, काठावर झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. मास्तर बाकाबाकांमधून फिरायचे, एखाद्याच्या कागदाशी थांबायचे आणि अगदी मऊ आवाजात विचारायचे, "बाळा, हे नारळाचं झाड कुठं पाह्यलं?"

"चित्रात, सर."

"मग ते चितरवाल्यानं कुठं पाह्यलं?"

बाळाला ते ठाऊक नसायचं.

"औरंगाबादेत नारळ फकस्त देवापुढं दिसतो, तोबी शेंडीसकट. जा, खिडकीतून तो कडूलिंब बघून ये. दहा मिनिटं बघ. मंग काढ." आणि कोणी ढग काढले असले, गोल गोल, पिंजारलेले, आत पांढरा खडू घासलेला, तर तो कागद उचलून साऱ्या वर्गाला दाखवायचे. "गोबी छान काढली. घरी ने. आईला म्हण, फोडणी दे."

मुलं हसायची. ज्याची गोबी तो रडायचा. त्या शाळेतून पुढं डॉक्टर निघाले, वकील निघाले, एक जण आमदारकीला उभाही राहिला, पण चित्रकार एकही निघाला नाही. याचं श्रेय मी मास्तरांनाच देतो.

रविवारी ते हर्सूलच्या तलावावर जायचे. मला सोबत न्यायचे ते माझ्या सहवासासाठी नव्हे, पाण्याचा डबा धरायला कोणीतरी लागायचं म्हणून. तलावाच्या काठावर एक वड होता. मास्तर बसल्या बसल्या वड कागदावर उतरवायचे, आणि तो असा उतरायचा की मीसुद्धा गप्प व्हायचो. पारंब्या, खोडावरच्या गाठी, पानांमधून झिरपणारा उजेड, सगळं. मग आभाळ भरायचे, मधे ढगाची जागा कोरी ठेवायचे, ब्रश धुवायचे आणि चित्राकडे बघून सुस्कारा टाकायचे.

"झाड जमलं. ढग हालना."

"मास्तर, कागदावरचा ढग कसा हलेल?"

"झाड तं हालू राह्यलं ना?"

मी बघायचो. झाड खरंच हलल्यासारखं वाटायचं. ढग मात्र जागच्या जागी. मी त्यांना वाऱ्याचा वेग, हवेचा दाब वगैरे समजावून सांगू लागलो की ते म्हणायचे, "भूगोल, डबा धरा." मग पुढचा ढग येईपर्यंत आम्ही बसून राहायचो. एकदा तलावाजवळच्या तुरुंगाच्या बाजूनं एक शिपाई काठी आपटत आला. हे दोघं तासन्‌तास कशाला बसतात, असा त्याला संशय आला असावा.

"काय करू राह्यले इथं?"

"वाट बघू राह्यलो," मास्तर म्हणाले.

शिपाई एकदम नरमला. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "पर आज रविवार हाय भाऊ. रविवारी कोनाला सोडत नाय. उद्या सकाळी या, कपडे घिऊन." मास्तर आभाळात बघत असल्यामुळे त्यांना हे ऐकूच गेलं नाही. मी मात्र त्या शिपायाचे आभार मानले. इतक्या आपुलकीनं आमच्याशी त्या तलावावर दुसरं कोणी बोललं नव्हतं.

आता एवढं वाचून कोणाला वाटेल की मास्तर फार सुखी माणूस होते. होतेच. ज्या माणसाच्या वाट्याचं सगळं दुसरं कोणीतरी निस्तरतं, तो सुखीच असतो. मास्तरांच्या बाबतीत हे काम वहिनींकडं होतं.

बेगमपुऱ्यात त्यांच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत चूल, बाहेरच्या खोलीत मास्तरांचे वड. वहिनी ठेंगण्या, झपाट्याच्या, आणि बोलायला अशा की मास्तरांच्या तोंडची एकूण एक म्हण त्यांच्यापुढं लंगडी पडायची. मास्तरांनी एकदा माझ्यासमोर आपलं ते 'सोडायचा असतो' सुरू केलं, तर चहाची कपबशी ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "यांनी ढग सोडले, लोकांनी तेवढंच पाह्यलं. म्या माहेर सोडलं ते कोनी बघतच नाय."

सोयगावला मास्तरांचं मोठं घर होतं, शेती होती, थोरल्या भावाची आडत होती. लग्नानंतर काही वर्षं वहिनींनी त्या घरात काढली होती. त्या दिवसांबद्दल त्या जास्त बोलत नसत. एकदाच बोलल्या. "चूल थोरल्या जाऊबाईंची, कणग्या जाऊबाईंच्या, कुलपं जाऊबाईंची. माझ्या वाट्याला नुस्ता धूर." औरंगाबादेतल्या त्या दोन खोल्यांतली चूल त्यांनी स्वतःच्या हातानं घातली होती आणि दर दिवाळीला चुलीपासून उंबऱ्यापर्यंत सगळ्या भिंती स्वतः पांढऱ्या करायच्या. त्यात मास्तरांनी कधी हात लावला नाही. पांढरा रंग त्यांना तत्त्वात बसत नव्हता.

थोरले भाऊ एकदा कचेरीच्या कामानं आले तेव्हा मी तिथं होतो. त्यांनी भिंतीवरचं चित्र बराच वेळ पाहिलं, मग ढगावर बोट ठेवून विचारलं, "हे अर्धं कामून ऱ्हायलं? रंग सरला का?" मास्तरांनी हनुवटी आणखी वर केली. भाऊ कळवळून म्हणाले, "अरे, मंग सांगायचं ना. घरचं असताना असं अर्ध्यावर कामून सोडतू? ये तिकडं. आडतीवर बस. गादी हाय, पंखा हाय." वहिनी आतून सगळं ऐकत होत्या. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

आणि मग सोयगाव खरोखरच जवळ आलं. शिक्षण खात्यात ठरलं म्हणे, की विज्ञानाची एक जागा वाढवायची आणि त्यासाठी ड्रॉइंगची एक कमी करायची. कोणती कमी करायची ते ठरवायला एक साहेब शाळाशाळांतून हिंडत होते. आमच्या शाळेत ते गॅदरिंगच्या दिवशी येणार होते. जागा गेली तर मास्तरांना दुसरीकडं नोकरी मिळण्याची आशा नव्हती. शहर सोडायचं, आडतीवरच्या गादीवर बसायचं आणि वहिनींनी पुन्हा जाऊबाईंच्या धुरात जायचं, एवढंच उरलं होतं. मास्तरांना याची काळजी होती का, हे मला सांगता येणार नाही. त्या आठवड्यात आभाळ फार चांगलं होतं.

हेडमास्तरांनी एक युक्ती काढली. स्टेजचा जुना पडदा उंदरांनी खाल्ला होता. नवा पडदा मास्तरांकडून रंगवून घ्यायचा, साहेब पुढच्या खुर्चीत बसले की समोर पहिलं दर्शन मास्तरांच्या कलेचं, आणि साहेब खूश. हेडमास्तर मनानं वाईट नव्हते. फक्त बुटके होते, आणि त्याची भरपाई ते आवाजानं करायचे. "पडदा असा झाला पाहिजे," ते गरजले, "की साहेबांनी म्हटलं पाहिजे, वा! एक देऊळ टाका. गाय टाका. नारळाचं झाड..."

"नारळ नाय," मास्तर म्हणाले.

शेवटी हर्सूलच्या तलावावर सौदा पटला. मांजरपाटाचा भला मोठा पडदा हॉलच्या भिंतीला ठोकला गेला. मास्तर स्टुलावर चढले. सरस उकळून त्यात रंगाची पूड कालवायची आणि त्याचे जाड थर द्यायचे, अशी त्या पडद्याची रीत होती. त्या सरसाच्या वासानं सारी शाळा आठवडाभर नाक धरून शिकली. संस्कृतच्या गुरुजींनी तर रजाच टाकली. पण चित्र काय झालं होतं! तलाव, काठावरचा तो वड, पाठीमागं आपल्या इकडच्या उघड्या टेकड्या, आणि वर आसमानी आभाळ. त्या आभाळात तीन ढग. डावीकडं लहान, मधे प्रचंड, उजवीकडं मध्यम. तिन्ही अर्थातच कोरे.

अडचण अशी की कागद पांढरा असतो, मांजरपाट नसतो. तो पिवळट मळकट असतो. हेडमास्तर आले, त्यांनी तिन्ही ढगांकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, हे चहा सांडल्यासारखं दिसतंय. सफेदा लावा!"

"ढगाला सफेदा? ढग म्हंजी काय भिंत हाय का?"

"तुमची जागा जाईल!"

"जाऊ द्या. ढग जायला नाय पायजे."

असली वाक्यं ऐकायला फार बरी वाटतात. ती बोलणाऱ्याच्या घरी चूल कोण पेटवतं ते विचारलं की जरा कमी बरी वाटतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन शाळेत आल्या. मास्तर नेमके मैदानात जाऊन आभाळ बघत उभे होते. हॉलमध्ये मी एकटाच होतो.

"भावजी, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं आयकतात."

"माझं? वहिनी, मला ते नावानंसुद्धा हाक मारत नाहीत."

"मलाबी नाय मारत," त्या म्हणाल्या. मग पडद्याकडं बघत राहिल्या. वड त्यांनी ओळखला, टेकड्या ओळखल्या. "ब्येस केलं हाय," असं हळूच म्हणाल्या. आणि मग पदर खोचला, कोपऱ्यात हेडमास्तरांनी आणून ठेवलेला सफेद्याचा डबा उघडला, त्यात मोठा ब्रश बुडवला आणि हात पुरत होता त्या डावीकडच्या ढगाला सरळ खालवर, खालवर, दिवाळीला भिंतीला मारतात तसे हात मारले. मी थांबवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मला मुळीच थांबवावंसं वाटलं नाही.

मास्तर आत आले. डाव्या ढगाकडं पाहिलं. वहिनींच्या मनगटापर्यंत माखलेल्या हाताकडं पाहिलं. मला वाटलं, आता डबा भिरकावतात.

"दिवाळी लौकर आली," मास्तर म्हणाले.

"आली," वहिनी म्हणाल्या. "आन् दरसाल आपल्याच घरात यावी म्हून लावलं."

मास्तर खाली बसले, वहिनींनी आणलेला डबा उघडला आणि जेवले. उरलेल्या दोन ढगांना हात लावायची सोय मात्र त्यांनी ठेवली नाही. स्टूल उचलून घरी घेऊन गेले.

गॅदरिंगची संध्याकाळ. हॉल गच्च भरला. साहेब आले. उंच, गोरे, पोट पुढं, हात कमरेवर. पुढच्या खुर्चीत बसले आणि कोणीतरी त्यांच्याशी बोलावं म्हणून मला शेजारी बसवण्यात आलं. मंडपवाले खाजाभाई सकाळपासून वायरी ओढत होते. त्यांनी मला अभिमानानं सांगितलं होतं, "पिच्छे पांसौ का बल्ब लगाया सर. बच्चे लोगां कू मेकप करना रहता ना. सुई गिरी तो बी दिखेंगी. पन सामने की बत्ती बुझाना पडता, नै तो फ्यूज उडता." म्हणजे पडद्याच्या मागं लख्ख उजेड आणि पुढं हॉलमध्ये अंधार. पडद्यासमोर पेटीपाशी एक मिणमिणता दिवा आणि स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली.

ज्या भागावर सरस आणि रंगाचे थर होते, तिथून उजेड येणं शक्य नव्हतं. मांजरपाट जिथं कोरा होता, तिथून तो यायला कोणाचीच हरकत नव्हती. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि आम्ही सगळे शिक्षक होतो.

स्वागतगीताचं पहिलं कडवं चालू असताना मधला प्रचंड ढग एकदम उजळला, आणि त्यात एक बुटका माणूस उगवला. हातात हार. मग एक शिपाई खुर्चीवर चढला, त्यानं पोट पुढं काढलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. हेडमास्तर हार घालण्याची तालीम करत होते. पहिला हार शिपायाच्या छातीवर आपटून खाली आला. हेडमास्तरांनी तो उचलला, दोन पावलं मागं गेले, धावत आले आणि उडी मारली. हार एका कानावर अडकला.

आधी पोरं हसली. मग पालक. मग बायकांच्या बाजूनं एक हसण्याची लाट आली. गाणाऱ्या मुलींना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यातली एक रडायला लागली आणि बाकीच्या जिवाच्या आकांतानं वरच्या पट्टीत गेल्या. उजव्या ढगात शेतकरी नृत्यातला एक जण धोतराचा काचा मारत होता आणि तो मारणं काही संपत नव्हतं. मधल्या ढगात हेडमास्तर पुन्हा मागं गेले.

"हे काय आहे?" साहेबांनी मला विचारलं.

"नवीन पद्धतीची नाटिका आहे, साहेब," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही.

"तो खुर्चीवर चढलेला कोण?"

"कोणीतरी मोठा अधिकारी असावा."

साहेबांनी हसून मान डोलावली. "अधिकारी छान घेतलाय. असतात असे."

मी मास्तरांना शोधलं. ते दाराशी उभे होते. ज्या पडद्यावर त्यांची नोकरी, त्यांचं शहर आणि त्यांच्या बायकोची चूल टांगलेली होती, त्याची अशी शोभा चाललेली, आणि या गृहस्थांचं तोंड आनंदानं उघडं पडलेलं. मी उठून त्यांच्याजवळ गेलो, तसा त्यांनी माझा दंड धरला.

"भूगोल, बगा. अहो बगा ना. हालू राह्यला!"

त्यांना हेडमास्तर दिसतच नव्हते. हार दिसत नव्हता, शिपाई दिसत नव्हता. आतल्या सावल्या सरकत होत्या, त्यांच्या कडा पुसट होत होत्या, उजेड दाटत होता आणि विरत होता, आणि मास्तरांचा ढग हर्सूलच्या तलावावरून चालला होता. मला त्या माणसाचा राग आला, आणि तितकाच हेवा वाटला. माझ्या आयुष्यात मला हवं असलेलं काही असं माझ्यासमोर हललेलं नाही.

त्या सगळ्या गोंधळात एकच ढग आब राखून होता. डावीकडचा. त्यात काही उगवलं नाही, काही हललं नाही.

मग पडदा गुंडाळून वर गेला, दिवे लागले, साहेबांना स्टेजवर नेऊन बसवलं. हेडमास्तर हार घेऊन आले. साहेब सवयीनं उठून उभे राहिले, पोट पुढं, हात कमरेवर. हेडमास्तर दोन पावलं मागं गेले. सगळ्या हॉलनं श्वास रोखला. आणि हेडमास्तरांनी उडी मारली.

तो हशा शहागंजपर्यंत ऐकू गेला असेल. साहेबांच्या कानावर हार अडकला होता, आणि तो सोडवता सोडवता नाटिकेतला मोठा अधिकारी कोण, ते त्यांच्या लक्षात येत गेलं.

चहाच्या वेळी हेडमास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला होता. मास्तर, वहिनी आणि मी भिंतीला लागून उभे. साहेबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तो डावीकडचा ढग कोणी केला?"

वहिनींनी पदर नीट केला.

"मास्तरांनीच," हेडमास्तर म्हणाले.

"तो चांगला जमलाय. व्यवस्थित, पांढरा, भरीव. ढग असा असावा. मग बाकीचे दोन तसे का नाही केले?" साहेबांनी हेडमास्तरांकडं रोखून पाहिलं. "ते झाकून टाका. पुढच्या गॅदरिंगला मी पुन्हा येईन आणि पडदा बघेन. तोवर ड्रॉइंगची जागा राहू द्या."

कलेची पारख असलेले अधिकारी खात्यात होते, ते असे.

मास्तर तिथं काही बोलले नाहीत. घरी जाऊन बोलले. सोयगावला जातो, आडतीवर बसतो, पण त्या ढगाला सफेदा लावत नाय. एकदा हालताना पाह्यलेल्या ढगाला तं नायच नाय. हे त्यांनी बरेच दिवस लावून धरलं. वहिनींनी वाद घातला नाही. एका संध्याकाळी माझ्यादेखत एवढंच म्हणाल्या, "जावा. पत्र टाकत जावा. मी या चुलीपसून हालायची नाय."

पुढच्या रविवारी आम्ही हर्सूलला गेलो नाही. मास्तरांनी घरून स्टूल आणलं, हॉलमध्ये पडद्यापुढं ठेवलं, ब्रश वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच लाव. तुझा हात बसला हाय." मग पाठ फिरवून खिडकीतून लिंबाकडं बघत उभे राहिले. त्यांच्या पाठीकडं बघून मला थट्टा सुचेना, आणि ती सवय मोडलेली मला आवडली नाही.

वहिनी स्टुलावर चढल्या. उजवा ढग पुरा केला. मग मधला. खालवर, खालवर, एका संथ लयीत. मी स्टूल धरून होतो. मधला ढग संपत आला तसा त्यांचा हात हळू झाला, आणि ढगाच्या उजव्या कडेशी हाताच्या पंजाएवढी जागा राहिली असताना थांबला.

"सरला सफेदा," वहिनी म्हणाल्या.

मी डब्यात बघितलं. डबा अर्धा भरलेला होता. मी वर बघितलं. वहिनी माझ्याकडं अशा बघत होत्या की मी झाकण उचललं आणि डब्यावर घट्ट बसवलं.

"सरला का?" मास्तरांनी न वळता विचारलं.

"सरला," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी साहेब आले. शाळेनं हेडमास्तरांसाठी पायाखाली एक पाट ठेवला होता, त्यामुळं हार नीट पडला. साहेबांनी पडद्याकडं पाहिलं, तीन पांढऱ्या, भरीव ढगांना मान्यता दिली आणि विज्ञानाच्या जागेसाठी दुसऱ्या शाळेतली ड्रॉइंगची जागा कमी केली. त्या पंजाएवढ्या मळक्या डागाकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. मास्तर, वहिनी आणि मी शेवटच्या रांगेत होतो. स्वागतगीत सुरू झालं, हॉलमध्ये अंधार झाला, मागं खाजाभाईंचा बल्ब लागला. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या चिमुकल्या जागेत उजेड आला, कोणाचं तरी डोकं नाहीतर खांदा तिथून सरकला, आणि ढगाची कड एवढीशी थरथरली. मास्तरांनी माझा गुडघा इतका जोरात दाबला की पुढं दोन दिवस दुखत होता.

गॅदरिंग संपल्यावर आम्ही तिघं बेगमपुऱ्याच्या वाटेला लागलो. मास्तर पुढं, हनुवटी वर. वहिनी दोन पावलं मागं. बऱ्याच वेळानं त्यांनी मागूनच विचारलं, "हालला का?"

"थोडासा."

"थोडासाच हालू द्या," वहिनी म्हणाल्या. "लई हालला तं सोयगावला जाऊन थांबंल."